बॉनेटवरची शपथ

काशिनाथराव शिरस्तेदारांना आपल्या गाडीबद्दल काही सांगायचं असलं की ते आधी बॉनेटवर उजवा हात ठेवायचे. पंजा सपाट, बोटं जुळलेली, नजर समोर. मग खाकरून म्हणायचे, "प्रतिज्ञेवर सांगतो मिस्त्री, सकाळपासून खडखड येतेय."

तुम्ही म्हणाल, गंमत करत असतील. अजिबात नाही. आणि हे त्यांनी स्वतःपुरतं ठेवलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण ते समोरच्यालाही हात ठेवायला लावायचे. "मिस्त्री, हात ठेवा आणि सांगा. गुरुवारपर्यंत होईल?" गॅरेजवाल्यानं शपथेवर गुरुवार सांगायचा, हा काय जुलूम आहे ते ज्यानं कधी गाडी दुरुस्तीला टाकलीय त्याला सांगायला नको.

माणूस सगळी नोकरी नाशिकच्या कोर्टात करून रिटायर झालेला. आधी साक्षीदारांना शपथ द्यायचं काम, मग चढत चढत शिरस्तेदार, म्हणजे कारकुनांचा वरचा कारकून. रिटायर होऊन काही वर्षं झाली होती, पण कोर्ट काही अंगातून उतरलं नव्हतं. त्यांची लँडमास्टर गाडी एका बदली होऊन गेलेल्या न्यायाधीशाकडून घेतलेली. रंग कबुतरी. मागच्या सीटवर डाव्या बाजूला टॉवेल घातलेला असायचा, तिथं कुणाला बसू देत नसत. "ती साहेबांची जागा." साहेब बदलून कुठल्या कुठे गेले, जागा राखलेलीच. तिसऱ्या गिअरला ते वरचं कोर्ट म्हणत. तिथं उगाच जायचं नाही. त्यामुळे गाडी दुसऱ्या गिअरवर रेकत गावभर फिरायची, आणि ती मागच्या चौकात असतानाच मला इकडे कळायचं की शिरस्तेदार आले.

माझं गॅरेज नाशकातल्या द्वारका चौकाजवळ. गॅरेज म्हणजे काय, पत्र्याची एक शेड, तिच्याखाली एकच गाडी मावणार. बाकीच्या उन्हात. मी तिसरी पास. चौथीत मास्तरांशी पटलं नाही म्हणून मी शाळा सोडली, आणि त्या वादात मास्तरच चुकीचे होते हे माझं म्हणणं आजही कायम आहे. मराठी वाचतो, सावकाश. इंग्रजी म्हणाल तर पान्यावर कोरलेले आकडे, तेवढंच. पण पत्रा माझ्या हाताला ओळखतो. आणि एक गोष्ट छाती ठोकून सांगेन, गिऱ्हाइकाला नसलेला बिघाड मी कधी सांगितला नाही. आजूबाजूचे सांगायचे, आणि त्यांची घरं दुमजली झाली. मी नाही सांगितला.

तर ऐंशी सालाच्या आगेमागे, शिवरात्र उलटल्यावर, हे गृहस्थ त्र्यंबकेश्वराहून घरी येत होते. गंगापूर रोडला घराजवळ पोचले आणि आडव्या रस्त्यातून द्राक्षांचा टेम्पो बाहेर आला. टेम्पोवाल्यानं ब्रेक मारला. ह्यांनी हात बाहेर काढून काहीतरी दाखवलं. आणि गाडी जाऊन टेम्पोच्या कोपऱ्यावर बसली. डावा मडगार्ड आत, दिवा फुटला, बंपर वाकडा, बॉनेटचा कोपरा दुमडून वर आलेला. शिवाय दोन-तीन पेट्या द्राक्षं रस्त्यावर.

दुसरा कुणी असता तर भांडला असता. शिरस्तेदार खाली उतरले, दुमडलेल्या बॉनेटचा सपाट भाग शोधला, त्यावर टेम्पोवाल्याचा हात ठेवला आणि त्याची जबानी सुरू केली. मागे गाड्या तुंबल्या. टेम्पोवाला बिचारा घाबरून आजोबाचं नावसुद्धा सांगून बसला.

"अन् चूक कोणाची निघाली?" मी विचारलं.

"ते ठरवणारा मी कोण? मी पक्षकार आहे," ते म्हणाले.

विमा कंपनीच्या फॉर्मवर 'अपघात कसा झाला' म्हणून दोन ओळींची जागा असते. ह्यांनी अकरा पानं जोडली. त्यात स्वतःविरुद्ध साक्ष. मला वाचून दाखवली. "मी हात दाखवला होता हे खरे, परंतु तो कोणत्या बाजूस वळण्यासाठी दाखवला, हे आज निश्चित सांगता येत नाही."

"साहेब, हे खोडा. विम्याचे पैसे मिळायचे नाहीत."

"मिस्त्री, माझ्यासमोर हजारो लोकांनी खरं सांगायची शपथ घेतली. त्यातल्या किती जणांनी पाळली ते मी ऐकत बसलो होतो. निदान आपण तरी पाळावी."

गाडी ओढून माझ्या शेडमध्ये आली. जुन्या गाडीचं विम्याचं काम म्हणजे आधी सर्व्हेअर येऊन बघणार, मग कंपनीचं मंजुरीचं पत्र येणार, आणि ते येईपर्यंत गाडीला हातोडी लावायची नाही. सर्व्हेअर आला, तरणा माणूस होता, त्यानं फोटो काढले, शिरस्तेदारांनी त्यालाही शपथ घातली, तो हसत हसत निघून गेला. आता पत्राची वाट. पत्त्याच्या जागी ह्यांनी माझ्या गॅरेजचा पत्ता दिलेला. "मुद्देमाल जिथं, पत्ता तिथं."

आणि मुद्देमाल जिथं, शिरस्तेदारही तिथंच. रोज अकराला पाच मिनिटं कमी असताना बसनं यायचे. हातात कापडी पिशवी. शेडमधलं माझं लोखंडी स्टूल रुमालानं पुसून गाडीशेजारी बसायचे. दोन वाजता डबा. अडीचला परत कामकाज सुरू. साडेपाचला उठायचे, रविवारी आणि सरकारी सुट्टीला यायचे नाहीत. बायको जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगी बडोद्याला. हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि डोक्यात शिरणं ह्यात फरक असतो.

पाडव्याच्या आधी पोस्टमन लांबट पाकीट देऊन गेला. इंग्रजीत. मी ते शिरस्तेदारसाहेबांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, घडी केली, परत उघडलं, परत वाचलं.

"काय म्हणतात?"

"शंका काढल्यात," ते म्हणाले. "अपघाताच्या वेळी गाडीचं तोंड कोणत्या दिशेला होतं, ते कळवा म्हणतात."

आता मागे वळून बघतो तेव्हा आठवतं. त्या दिवशी हे सांगताना त्यांचा हात बॉनेटवर नव्हता. खिशात होता. माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण मी कंपनीला शिव्या देण्यात गुंतलो होतो.

दिशेचं उत्तर गेलं. आठ दिवसांनी त्यांनी पिशवीतून दुसरा कागद काढला. ह्या खेपेला पत्र घरी आलं म्हणाले. टेम्पोतली द्राक्षं बियांची की बिनबियांची?

"कंपनीला द्राक्षं कशाला पाहिजेत?" मी ओरडलो.

"कंपनी आहे मिस्त्री. विचारते."

माझा रंगारी इस्माईलभाई उन्हात दुसऱ्या गाडीचे पोचे बुजवायला पुट्टी भरत होता. पत्रा इतका तापलेला की पुट्टी लावता लावता वाळायची. तो म्हणाला, "मिस्त्री, अब इसपे चादर चढवू का? दर्गाच झालाय शेडमध्ये." दोन गिऱ्हाइकं त्याच महिन्यात दुसरीकडे गेली. एक टॅक्सीवाला तोंडावर बोलून गेला, "तुमच्याकडं गाड्या दुरुस्तीला नाय, राह्यला येतात." हे मला लागलं. मी साहेबांना सांगितलं, ह्या महिन्यात पत्र नाही आलं तर गाडी बाहेर काढून उन्हात उभी करणार. तुमचे न्यायाधीश आले तरी ऐकणार नाही.

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी नवा कागद. "मिस्त्री, कंपनी विचारतेय, काम करणाऱ्या कारागिराचा अनुभव काय? सविस्तर कळवा म्हणतात."

हा प्रश्न मात्र मला पटला. एवढ्या पत्रांत एकच शहाणा प्रश्न. मी हातोडी खाली ठेवली, हात पुसले आणि सांगायला बसलो. निफाडकडचं गाव कसं सोडलं, पहिला मडगार्ड कुणाचा ठोकला, उस्तादानं तो सगळ्यांसमोर परत वाकडा करून पुन्हा कसा ठोकायला लावला, एका मामलेदाराच्या जीपचं दार मी तीन दिवसांत असं बसवलं की बंद होताना आवाज येईना म्हणून तो दोनदा आपटून बघत होता. साहेब लिहीत होते. काय अक्षर! ओळ आखलेली नसताना ओळीत. मध्येच विचारायचे, "मग उस्तादांशी भांडण मिटलं का?" चार दिवस चाललं होतं. माझ्या बायकोनं, पोरांनी हे कधी विचारलं नव्हतं, आणि मी बरा सांगतो आहे असं माझं मलाच वाटायला लागलं होतं. पाचव्या दिवशी दुपारी ते पहिली पंचवीस पानं पाकिटात घालून पोस्टात गेले.

ते गेले आणि तो सर्व्हेअर आला. दुसऱ्या कुठल्या गाडीसाठी. लँडमास्टर बघून तिथंच थांबला.

"मिस्त्री, ही अजून इथंच? हिची मंजुरी तर पाडव्याच्या आत गेली. एकाच पत्रात सगळं मंजूर."

"एकच पत्र?"

"एकच."

"आणि द्राक्षांचं?"

"कसली द्राक्षं?"

"माझा अनुभव विचारलाय ना तुमच्या कंपनीनं?"

तो हसायला लागला. "तुमचा अनुभव कंपनीला कशाला हवा हो?"

मी लाल झालो. दोन महिने माझी शेड अडवली, गिऱ्हाइकं गेली, आणि वर माझ्याकडून जन्माची कथा वदवून घेतली! तिसरी पास माणूस म्हणून बनवला मला. इस्माईलभाईला म्हटलं, येऊ दे त्याला. गाडी रस्त्यावर ढकलतो आणि स्टूलही मागोमाग फेकतो. काय काय बोलायचं ते सगळं मी जुळवून ठेवलं. चांगलं जुळलं होतं.

साहेब आले. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. येताना माझ्यासाठी तंबाखूची पुडी आणलेली, ती माझ्या हत्यारांच्या पेटीवर ठेवली. रुमालानं स्टूल पुसलं. बसले. पिशवीतून कोरे कागद काढले, पेनाचं टोपण उघडलं.

"हं. मामलेदारांच्या दारापर्यंत आलो होतो. मग ती जीप तुमच्याकडे परत कधी आली का?"

पंचवीस पानं कुठल्या पत्त्यावर पोस्टात टाकली असतील ह्या माणसानं, असं माझ्या मनात आलं. टाकलीच नसतील. पोस्टापर्यंत उन्हात चालत गेले असतील, आणि चालत परत आले असतील.

जुळवलेलं सगळं तसंच ठेवून मी पुडी उचलून खिशात घातली.

"साहेब, सर्व्हेअर येऊन गेला."

पेन थांबलं.

"त्यांनी काय जबानी दिली?"

"गाडी करायला घ्या म्हणाला."

"आणखी?"

"आणखी काय नाय."

त्यांनी टोपण लावलं. "घ्या मग," म्हणाले. आवाज इतका बारीक की इस्माईलभाईनं मान वर केली.

काम पंधरा दिवसांत झालं. मडगार्ड मी स्वतः ठोकला. त्या दिवसांत साहेब येत होते, वेळेवर, पण कशावर शपथ नाही, कुणाला उलटतपासणी नाही. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "गुरुवारपर्यंत देतो." हात ठेवा म्हणाले नाहीत. माणूस असा गप्प झाला की मलाच इंजिन बंद पडल्यासारखं वाटायला लागलं.

गाडी न्यायच्या दिवशी त्यांनी सगळ्या कागदांवर सह्या केल्या. मागच्या सीटवर टॉवेल नीट घातला. स्टूल स्वतः उचलून शेडच्या कोपऱ्यात भिंतीला लावून ठेवलं. आणि गाडीत बसून किल्ली फिरवली. इंजिन असं लागलं की ऐकत राहावं.

"साहेब, बंद करा," मी म्हणालो.

"का?"

"मागच्या चाकाचं बेअरिंग गुणगुणतंय."

"मला नाही ऐकू आलं."

"तुम्हाला कसं येणार? जन्म पत्र्यात काढलाय मी, तुमच्याकडं लेखी आहे ते. रोज अकराला गाडी इकडं आणायची. बसून ऐकावं लागेल. एका दिवसात नाय कळत असलं."

"किती दिवस?"

"जुनी गाडी आहे. सांगता येत नाय."

इस्माईलभाई पुट्टी लावायची पट्टी हातात धरून तसाच उभा. इतक्या वर्षांत त्यानं माझ्या तोंडून असं काही ऐकलं नव्हतं.

साहेब खाली उतरले. गाडीला वळसा घालून पुढं आले. माझ्याकडं त्यांनी नीट पाहिलं, साक्षीदाराकडं बघतात तसं.

"प्रतिज्ञेवर सांगता, मिस्त्री?"

मी हात ठेवला. पंजा सपाट, बोटं जुळलेली. "प्रतिज्ञेवर सांगतो. बेअरिंग गुणगुणतंय."

हात उचलला तर नव्या कबुतरी रंगावर ग्रीसचा काळा पंजा उमटलेला. इस्माईलभाई फडकं घेऊन धावला. साहेबांनी त्याला अडवलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "पुरावा आहे."

आणि भिंतीला लावलेलं स्टूल पुन्हा उचलून आणलं.