थिजलेलं डिझेल आणि रिकामं पान

डिझेलमध्ये औषध टाकायचं नाही, असं मिरोनने ठरवलं तेव्हा कॅनडातल्या सस्कॅचवनच्या त्या माळावर तापमान उणे चौतीस होतं. बायको, स्टेफा, औषधाची बाटली घेऊन मागे उभीच होती.

"अरे, शेतावरच्या टाकीतलं उन्हाळ्याचं डिझेल आहे ते. तुपासारखं थिजेल!"

"ट्रक आहे तो, म्हातारा नव्हे. त्याला कसलं औषध?" (हे म्हणणारा स्वतः नोव्हेंबरपासून खोकल्याचं औषध पीत होता.)

संध्याकाळी सासूबाईंकडे नाताळचं जेवण होतं. दिवसभर सगळे उपाशी. पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं आणि पहिला घास मध-खसखस घातलेल्या गव्हाच्या खिरीचा. ती खीर स्टेफाच्या मांडीवर. गेल्या वर्षी मिरोनमुळे सगळे ताटकळले होते, म्हणून यंदा सासूबाईंनी बजावलं होतं, "चांदणीआधी आला नाहीत, तर जावईबापूंचं पान उचलणार."

अर्ध्या वाटेत ट्रक दोनदा खोकला आणि गप्प झाला. मिरोनने निमूटपणे बाटली मागितली आणि टाकीत रिकामी केली.

"आता काय उपयोग?" स्टेफा म्हणाली. "थिजायच्या आधी टाकायचं असतं ते."

"थोडं थांब. गुण येईल." त्याने गारठलेले हात खिरीच्या भांड्याला लावले.

"हात काढ! खीर गार होईल." तिने आईला फोन लावला. "आई, थिजलं गं."

"ट्रक की जावई?"

"दोघंही."

सासूबाई पेट्रोलवरचा जुना ट्रॅक्टर घेऊन स्वतः आल्या. मिरोनकडे पाहिलंही नाही. साखळी बांधली आणि ट्रक ओढत अंगणात आणला. चांदणी केव्हाच वर आली होती. खीर आत गेली, मागोमाग माणसं. बिचारा मिरोन बधिर बोटांनी साखळी सोडत बसला.

तो आत आला तेव्हा सगळे बसले होते. त्याचं पान खरंच उचललेलं होतं. एकच जागा मोकळी होती: दरवर्षी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी मांडतात ते पान, सासऱ्यांच्या फोटोसमोरचं. मिरोन दारातच घुटमळला.

"बसा की, जावईबापू," सासूबाई खीर वाढत म्हणाल्या. "त्या पानावर येणाऱ्याची कुणी वाट बघत नाही."