सबनीसाची एकच शिवी

आमच्या वरच्या मजल्यावरचा सबनीस सकाळी कचरा टाकायला खाली येतो आणि कुणाला ना कुणाला शिवी देऊन वर जातो. शिवी एकच. माजाय.

हा माणूस हाँगकाँगला नोकरीत म्हातारा झाला. आता माझ्यासारखाच जपानात, हिगाशी-कसाईत येऊन पडलाय; मी लेकाकडे, तो लेकीकडे. शब्द तिकडचा, कँटोनीज.

"म्हणजे घोड्याचं पिल्लू, वहिनी. अर्थ काय, तर दादाच्या मागे पळणारा फालतू माणूस. दादाला म्हणायचं नाही, मागच्याला म्हणायचं. आणि म्हणताना ओठ वाकडा करायचा."

"म्हणजे चमचाच की."

"छे! चमच्याला निदान तूप लागतं. माजायला नुसता वास."

मी हसायचे. मूर्ख मी.

गेल्या रविवारी माझ्या विकासचा साहेब त्याला गोल्फहून सोडायला आला. इथे साहेबाची गाडी दिसेनाशी होईपर्यंत वाकून उभं राहतात. विकासही राहिला. सबनीस माझ्या नातीला म्हणाला, "बघ, गाडी वळली तरी तुझा बाबा वाकलेलाच. माजाय!"

पोरीनं जेवताना बापाला तेच म्हटलं. वर अर्थही नीट सांगितला. विकास भात तसाच टाकून उठला.

तिची शाळा, माझी औषधं, सगळं त्या वाकण्यातून येतं. आणि हा फुकटा ओठ वाकडा करणार? माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वर गेले.

दार त्यानंच उघडलं. हातात फडकं, दाढी वाढलेली.

"आत्ता खाली चला. पोरीसमोर सांगा, चुकलो म्हणून."

आतून बायको ओरडली, "शिपाई! कोण आहे?"

"कस्टमर आहेत, मॅडम," सबनीस अदबीनं म्हणाला. मग माझ्याकडे वळून हळूच, "बँकेत मॅनेजर होती. आता मला ओळखत नाही. लेक कामावर गेली की मला हलता येत नाही, ही दार उघडून बँकेत निघते. संध्याकाळी येतो, वहिनी. चुकलंच माझं."

"उभ्या का?" बाई मला म्हणाली. "बसा. नंबर आला की बोलावते."

बसले. सबनीसाला म्हटलं, "जा, अंघोळ करा. घामट वास येतोय."

तो गेला. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाई सारखी दाराकडे बघत होती.

"शिपाई कुठे गेला?"

"अंघोळीला."

"परत येईल ना?" आवाज एकदम बारीक झाला.

"येईल. जातोय कुठे," मी म्हटलं. "आणि संध्याकाळी खाली माझ्याकडेही येणार आहे. सोडणार नाही मी."