बस, ट्यूनिंग बाकी आहे

आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी येतं, आणि ते आलं की शेजारचे नाना सबनीस आधी नाव भरतात. नाव म्हणजे होडी. हिंदी मुलखातल्या आमच्या ह्या माधवगंजात नदी नाही, तळं नाही, आणि ह्यांच्या अंगणात विटांवर अ‍ॅल्युमिनियमची मच्छीमारी होडी! आत पाणी ओतायचं आणि खाली उकिडवं बसून बघायचं, थेंब कुठून पडतोय. जिथून बाहेर येतं तिथूनच आत येणार, हे नानांचं शास्त्र. इकडे माझी टाकी कोरडी, त्याचं काय?

ती त्यांनी हजीऱ्याच्या कबाड्याकडून भंगारात उचलली. जन्मात अंड्याला न शिवलेला माणूस! मासळीच्या वासाने गल्लीतली सगळी मांजरं नावेत मुक्कामाला आली. मग रिव्हेट ठोकणं सुरू झालं, मग फटींत लांबी भरणं, मग इंजिन. ते पाण्याच्या ड्रममध्ये उभं करून चालवतात. ते खोकतं, गल्लीभर धूर सोडतं आणि गप्प होतं. नाना पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकतात आणि मला भिंतीवरून सांगतात, "एकदम फर्स्ट क्लास, वहिनी! बस, ट्यूनिंग बाकी आहे."

हे ट्यूनिंग मेलं कधीचं बाकीच आहे. एकदा वैतागून मी म्हटलं, "नाना, तिघऱ्याच्या धरणावर भाड्याने मिळतात की नावा. या बसून एकदाचे. आमचं कशाला डोकं उठवता?"

"नेलं होतं तिला," नाना म्हणाले. "परकी नाव बघून घाबरली, रडायला लागली. घरची असली, रोज नजरेसमोर असली, की ओळखीची होईल. मग नाही घाबरणार."

ती म्हणजे त्यांची बायको, कुसुमताई. त्यांना विसरण्याचा आजार आहे. आधी गॅस बंद करायला विसरल्या, मग नातवंडं विसरल्या, मग नाना. एक तेवढं राहिलंय: "आपण नावेत बसणार होतो ना?" लग्नानंतर नानांनी कबूल केलं होतं, आणि 'पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी' करत जन्म काढला. आता हेही विसरायच्या आत नाव पाण्यात उतरवायची आहे, आणि ती तर रोज नव्या ठिकाणी गळते. बघवत नाही हो.

परवा नानांनी मुरारहून पेंटर आणला. नावेला बायकोचं नाव द्यायचं होतं. घाईघाईत त्याला म्हणाले, "भैया, इस पर बड़े अक्षरों में नाव लिख दो, मैं चाय लेकर आया." सगळी नोकरी हिंदीत काढली, पण ऐन वेळी मराठी आडवी आली. चहा घेऊन येतात तो काय, लाल भडक अक्षरांत लिहिलेलं: नाव. भैयाचं काय चुकलं? त्याच्या हिंदीत नाव म्हणजे होडीच! मी भिंतीला धरून हसले.

नाना हसले नाहीत. "कुसुम लिखना था, भैया," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात कुसुमताई बाहेर आल्या. "कुसुम कोण?"

"तूच ना गं."

"छे! मी शकू."

शकू हे त्यांचं माहेरचं नाव. कुसुम नानांनी ठेवलेलं, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून.

"मी ठेवलेलं होतं ना, वहिनी," नाना म्हणाले. "मीच राहिलो नाही, ते कसं राहणार?" त्यांनी पेंटरच्या हातातून ब्रश घेतला आणि 'नाव'च्या आधी वाकड्यातिकड्या अक्षरांत 'शकूची' लिहिलं.

कुसुमताईंनी ओल्या रंगावरून बोट फिरवत वाचलं, "शकूची नाव. अय्या, माझी?" नानांनी हात धरून त्यांना आत बसवलं. अजिबात घाबरल्या नाहीत. पदर सावरून ऐटीत बसल्या. नाना विटांपाशी उभे, हातात वल्हं.

कुसुमताईंनी त्यांना नीट न्याहाळलं. "तुम्ही नावाडी का?"

नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "हो."

"मग दादा, निघायचं कधी?"

"बस," नाना म्हणाले, "ट्यूनिंग बाकी आहे, बाई."