काटा हलला पाहिजे

इनास मिस्त्रीकडे चहा प्यायची वेळ आली, तर टोपात आधी काय उकळलं होतं ते विचारून घ्यावं. पहिल्या खेपेला मी विचारलं नव्हतं. अर्धा कप पोटात गेल्यावर त्यानं सहज सांगितलं, "सकाळी एका ट्रकचा बल्ब शिजवला त्यात. चव आली काय?"

कामणला, भिवंडीच्या रस्त्याकडेला, अंगणातच त्याचं गॅरेज. बायको वारलेली, एकुलता एक दोमनिक आखातात नोकरीला. टोपावरून ओरडणारं घरात कुणी नव्हतं.

मीटरवर इनासचा काडीचा विश्वास नव्हता. ट्रक आला की तो आधी इंजिनावर उलटा हात धरायचा, तापल्या पोराच्या कपाळावर धरतात तसा. काटा स्वतः कधी बघायचा नाही. "तू बघून सांग," म्हणायचा. आम्हाला वाटायचं, मोठ्या डॉक्टरचा रुबाब.

आमच्या घरचा ट्रक होळी बाजारातली भाजी भिवंडीला न्यायचा. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून इंजिनातलं मला कळतं असा माझा समज. इंजिनाचा ताप मोजणारा एक पितळी बल्ब असतो, त्याच्या आट्यांतून पाणी झिरपत होतं. नळाला करतात तसं मी आट्यांवर सुतळी गुंडाळली, सफेदा थापला आणि बल्ब कचकचून आवळला. गळती बंद! शिवाय मीटरचा काटा 'थंड'वर बसला तो हलेचना. आमचं इंजिन तापतच नाही, असं मी आठवडाभर शाळेत सांगत हिंडलो. रविवारी ट्रक मीच काढला. कामणला बॉनेटमधून वाफेचा फवारा उडाला, तेव्हाही काटा थंडच!

इनासनं हात धरला. "पेटलाय. फॅनचा पट्टा ढिला हाय. काटा काय बोलतो?"

"थंड."

"मंग खोटं बोलतो. काटा हलला पायजे, मास्तर. चढावर वर, उतारावर खाली. एका जागी बसला की समजायचा, कायतरी लपवतोय."

इंजिन निवल्यावर त्यानं बल्बची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकवली. काटा थेट दुसऱ्या टोकाला! म्हणजे मीटर चांगला, वायर चांगली. मग बल्ब खोलून सुतळी सोलली, स्टोव्ह बंपरपाशी आणला, तोच चहाचा टोप चढवला आणि लांब वायरी जोडून बल्ब पाण्यात सोडला. पाणी तापत गेलं तसा काटा चढत गेला. बल्बही चांगला!

"मग बिघाड कुणाचा?" मी विचारलं.

"तुजा. लोखंडाला पितळ चिकटला तर करंट फिरनार. तू बल्बाला गोधडीत गुंडाळलास. आत आग, वर सगळा थंड. पोरांना काय शिकवतोस रे?"

आठवीला त्याच आठवड्यात मी विद्युतमंडल शिकवलं होतं.

पट्टा आवळून झाल्यावर त्यानं खिशातून दोमनिकचं पत्र काढलं. "वाच. अक्षर बारीक हाय."

अक्षर हरभऱ्याएवढं होतं. "पापा, मी मजेत आहे. काळजी करू नको."

"आनि?"

"एवढंच."

"सात कागदं आली. शबूद न शबूद ह्योच." तो माझ्या इंजिनाकडे बघत राहिला. "त्याला हितून हात कसा लावू, मास्तर?"

मग उत्तर सांगितलं, "लिही. मी बरा हाय. गॅरेज जोरात हाय." सहीसाठी मी पेन दिलं. चष्मा नाकावर होता, तरी सही कागदावरून निसटून बाकावर गेली. काटा तो दुसऱ्याला का बघायला लावतो, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

पाकीट चिकटवण्याआधी मी गुपचूप खाली एक ओळ वाढवली. सुतळीनंतरचा हा माझा दुसरा उपद्व्याप.

दोन महिन्यांनी इनासचा निरोप आला, पत्र वाचायला ये. वाचता वाचता माझीच जीभ अडखळू लागली. "पापा, डोळ्यांचं का लपवलंस? मलापण इथं करमत नाही. जेवण जात नाही. नाताळला येतो, दोघं डॉक्टरकडे जाऊ."

मी शिव्यांची वाट बघत मान खाली घातली.

"बल्ब कुनी खोलला, मास्तर?"

त्यानं पत्र मांडीवर पसरलं आणि त्यावर उलटा हात धरला, बराच वेळ.

"हलला," तो म्हणाला.