सातासमुद्रापारची सावड

फेम्के मैतीसराच्या अंगणात येऊन बसली, तेव्हा मैतीसराने तिला एक चहा दिला आणि तो संपायच्या आत दुसरा दिला, कारण पलीकडच्या अंगणातून धाकटी जाऊ बघत होती.

फेम्के हॉलंडची. उंच इतकी, की आमच्या नेपाळातल्या गुरुङांच्या घरात शिरताना प्रत्येक चौकटीपुढे वाकल्याशिवाय गत्यंतर नाही. तिला काही महिने डोंगरातल्या गावात राहून काम करायचं होतं, तेही फुकट. पण कुणी बोलावलं की निघाली, अशातली ती नव्हती. पोखऱ्यात एका ठिकाणी तिला अनाथ मुलांना शिकवायला ठेवून घेत होते. त्या अनाथांच्या सख्ख्या आया शनिवारी डबे घेऊन भेटायला येतात हे बघितलं आणि ती तिथून उठली. तेव्हापासून तिने धडा घेतला होता: आधी चौकशी, मग काम.

"आमा, मी तुमच्या शेतात काम केलं तर गावात कुणाची मजुरी बुडेल का?" तिने विचारलं. "आणि तुम्हाला माझी खरंच गरज आहे का?"

"गरज?" मैतीसराने पदर सावरला. "मला कुणाची गरज लागत नाही, बाई. नवरा फौजेत होता तेव्हा लागली नाही, आणि आता घरी बसलाय तेव्हा तर त्याचीसुद्धा नाही."

आता हे बोलणं कुणीही समजून घेतलं असतं. आमच्याकडे पहिल्यांदा नाहीच म्हणायचं असतं. समोरच्याने आग्रह करायचा, आपण आणखी जरा ताणायचं, मग उपकार केल्यासारखं हो म्हणायचं. हॉलंडात ही रीत नसावी. फेम्केने दोन्ही चहांचे आभार मानले आणि ती सरळ पलीकडे गेली.

पलीकडे हस्तकली, म्हणजे धाकटी जाऊ, म्हणून सगळ्यांची कान्छी. तिला ताणणंबिणणं ठाऊकच नाही.

"गरज? अगं माझे बाई, पोरगा कतारला, सून काठमांडूला, लावणी तोंडावर आलीय. मजूर शोधून सापडत नाही. ठेव ती पिशवी खाली!"

पिशवी खाली ठेवली गेली, आणि मैतीसराच्या डाळभाताची चव गेली.

रोज सकाळी फेम्के खाचरात उतरायची. म्हशीला नमस्कार करायची, कुत्र्याला "आपण जेवलात का?" विचारायची आणि रोपं अशी लावायची, की एखादी शेळी मागेपुढे नाचून गेली असावी. कान्छी दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्या ओळी गुपचूप सरळ करायची. गुपचूप म्हणजे मैतीसरा बांधावरच उभी असायची.

"काय गं कान्छी, लावणी एकदा करतात का दोनदा?"

"दिदी, पोरगी मनापासून करते. तुझ्याकडे कोण मनापासून करतं?"

हे झोंबलं. त्यात फेम्के कान्छीला 'आमा' म्हणायची ती अशी गोड, की जणू तिच्याच पोटी जन्मली. कान्छीचं हसणंही हल्ली दोन खाचरं ओलांडून ऐकू येऊ लागलं होतं. मैतीसराने तांदळाच्या गोड सेलरोट्या तळून पाठवल्या. फेम्केने खाल्ल्या आणि रिकामं ताट धुऊन परत आणून दिलं. स्वतः मात्र परत गेली.

शेवटी गावच्या आमा समूहाची, म्हणजे महिला मंडळाची, बैठक भरली, तेव्हा मैतीसरा उठली. अध्यक्षबाई पूर्णकला म्हणाली, "बोल, दिदी."

"बोलते. आपल्या गावात सावड आहे का नाही? आज तू माझ्या खाचरात, उद्या मी तुझ्या. या कान्छीनं मात्र परक्या पोरीची मेहनत घशाखाली घातली. का? तर ती गोरी, तिला काय परत द्यायचं! पोरगी गुरुङ असती तर फेडली असतीस ना गं? फेडायची ऐपत नसेल, तर पोरीला अशा घरी पाठवा जिथं फुकटचं खात नाहीत."

बोलणं खरं होतं. पूर्णकलाने निवाडा दिला, "दिदी बरोबर बोलते. सावड म्हणजे सावड. कान्छी, फेडावी लागेल."

"फेडीन की," कान्छी म्हणाली. "तिचं शेत कुठंय?"

फेम्केचे डोळे लकाकले. "माझ्या आईची नासपतीची बाग आहे. तोडणीला तिला माणसं मिळत नाहीत. मला हेच तर हवं होतं! एकानंच द्यायचं आणि दुसऱ्यानं नुसतं घ्यायचं, हे मला बरोबर वाटत नव्हतं."

मैतीसराला वाटलं, आपण बसलोय ती चटईच खाली चाललीय.

"अगं, पण हॉलंड केवढं लांब!"

"लांब तर लांब, दिदी. सावडीचं तूच काढलंस. आता सावड म्हणजे सावड."

मोबाइलवर फेम्केच्या आईला बोलावलं. सगळा समूह कान्छीच्या पाठीशी दाटीवाटीने बसला. कान्छीने घसा खाकरला. "बाई, मी आले तर तुमच्याकडे कुणाची मजुरी बुडणार नाही ना? तुम्हाला माझी खरंच गरज आहे ना? आणि मुलांना शिकवायला लावणार नाही ना? मला सहीच जेमतेम येते."

फेम्केने ते आईला तिच्या भाषेत सांगितलं. आई हसली आणि तिने थेट फळं धरलेली झाडंच दाखवली. तिकीटही तीच पाठवणार होती. मैतीसराने देवीला कोंबडा बोलला, की हिचा व्हिसा नाकारला जाऊ दे. व्हिसा आला. कोंबडा मैतीसराने स्वतःच खाल्ला.

निघताना कान्छी माळा घालून फेम्केशेजारी उभी होती. सगळ्यांच्या देखत म्हणाली, "दिदी, माझी बेणणी आणि म्हैस तुझ्यावर. आषाढात मी तुझ्या खाचरात राबले, ती सावड राहिलीय."

नाही म्हणायची सोय मैतीसराने स्वतःच ठेवली नव्हती.

भाद्रपदातल्या एका दुपारी ती कान्छीच्या खाचरात गवत उपटत होती. म्हशीने सकाळीच लाथ मारून दुधाची चरवी लवंडली होती. पूर्णकला बांधावर मोबाइल धरून धावत आली. "दिदी, कान्छी!"

पडद्यावर कान्छी शिडीवर चढली होती. डोक्याला फडकं, हातात नासपती, गाल त्या नासपतीसारखेच.

"दिदी, इथं पलीकडच्या बागेतली बाई तोंड फुगवून बसलीय. म्हणते, नेपाळची माणसं फेम्केच्या आईकडेच कशी? तुझ्या घरी आणखी कुणी आहे का, विचारतेय. येतेस?"

मैतीसराच्या ओठांवर सवयीचं 'मला काय गरज' आलंच होतं. पण हे लोक पुन्हा विचारत नाहीत. तिने ते गिळलं.

"तिला आधी विचार, माझी खरंच गरज आहे का?"

पलीकडे फेम्केशी काहीतरी बोलणं झालं. "आहे म्हणते."

"आणि मी आले तर तिथं कुणाचं काम जाणार नाही ना?"

"नाही म्हणते, दिदी. कुणाचंच नाही."

मैतीसराने हातातलं गवत बांधावर टाकलं. तिचा आवाज जरा हिरमुसलाच.

"तुझंसुद्धा नाही?"