मादाम ब्लांदीन यांच्या गजाचे शिर वाचविल्याची हकीकत

बाळांनो, डोळे मिटून अंमळ कल्पना करावी. फ्रान्स मुलूख, कसबे मिरकूर, हिवाळ्याची सकाळ, आणि तेथे चेलो नामे थोरल्या तंतुवाद्याचे गज घडविणारे श्रीमंत आंसेल्म कोलेन कारखान्यात बसले आहेत. ब्राझीलचे तांबूस लाकूड आचेवर धरून त्यास समशेरीसारखा बाक आणावा तो यांनीच, ऐसा लौकिक. शेजारी त्यांची नात, खाशी सिदोनी, उमर आठ वर्षे. गजास लावावयाचे पांढऱ्या घोड्याच्या शेपटीचे केस विंचरण्याची कामगिरी तिजकडे.

तो मादाम ब्लांदीन चेलोवादक गजाची पेटी उराशी धरून दाखल जाहल्या, आणि मागे त्यांचे यजमान मुसा, म्हणजे श्रीयुत, गास्तों, पेशाने दंतवैद्य, खालमानेने आले. केस झडले, नवे घालावे, सायंकाळी चर्चमध्ये वाजविणे आहे, ऐसी अर्जी गुजरली. आजोबांनी भिंग लाविले, आणि चर्या उतरली. केसांची गाठ गजाच्या शिरात, म्हणजे टोकाच्या खाचेत, इवल्या पाचरेने दाबून बसवितात, डिंकाचा थेंबही न लाविता, कारण केस बदलताना पाचर निघाली पाहिजे. येथे तर डिंक ओतलेला!

"हे कुणी केलं?"

"मी," मुसा पुटपुटले. "सैल वाटली हो. आमच्याकडे सिमेंट न भरता काही बसवलं, तर पेशंट जेवताना गिळून टाकतो."

"अहो, गज आहे तो, अक्कलदाढ नाही!" मादाम कडाडल्या. "मला चेलो शिकवणाऱ्या बाईंनी मरताना माझ्या हातात दिला होता!"

गज पुरातन, कारागिरी अस्सल. शिरास तडा जाता तर मोल मातीत, आणि मादामचा उजवा हातच गेला म्हणावे. तेव्हा हुकूम जाहला की कोणी बोलू नये, कोणी शिंकू नये, आणि दंतवैद्याने तोंड उघडू नये.

मग आजोबांनी बारीक पटाशी घेऊन पाचरेवर मोर्चा लाविला, आणि ती कणाकणाने कोरून काढू लागले, आणि ऐन आणीबाणीस मुसांस शिंक आली. सिदोनीने आपला मफलर त्यांच्या नाकातोंडावर दाबला. मुसा बीटासारखे लाल जाहले, परंतु आवाज फुटला नाही. अखेरचा कण निघाला. शिर साबूत! मग नवी पाचर कोरडीच बसली, आणि सिदोनीने विंचरलेले केस चढले, आणि मादामनी एक सूर धरिला, तो ऐसा की भिंतीवरचे कच्चे गजही कान देऊन ऐकते जाहले. येणेप्रमाणे मिरकूर मुक्कामी डिंकावर फत्ते जाहली, हे येथे दाखल केले असे.

मग हर्षाच्या भरात मादामनी गज ताणलेलाच पेटीत घातला आणि निघाल्या. सिदोनी काय करती जाहली? धावत जाऊन दारात आडवी उभी राहिली, पेटी उघडवली, आणि गजाचा स्क्रू उलटा फिरवून केस सैल केले.

"मादाम, ताणून झोपवलात तर याचा बाक जाईल," म्हणाली, आणि मुसांनी हात पुढे केला असता पेटी मादामच्याच हाती दिली.