उंबऱ्याबाहेरचे मन्मथप्पा

आमच्या गल्लीतले मन्मथप्पा दाढी रस्त्यावर करून घेतात. म्हणजे न्हाव्याचं दुकान आहे, फिरती खुर्ची आहे, भिंतभर आरसे आहेत, उन्हाळ्यात कूलरसुद्धा असतो. पण अप्पा बाहेर लिंबाखाली स्टुलावर बसतात आणि न्हावी बिचारा वाटी-ब्रश घेऊन त्यांच्याकडे येतो. चहा रस्त्यावर, उभ्यानं. औषधं हवी असली की दुकानाच्या पायरीअलीकडून हाक मारतात, "ओ मालक, गुडघ्याचं औषध टाका की इकडं!" आणि दुकानदार खरंच पाकीट टाकतो. सत्तरी उलटलेला माणूस ते एका हातात झेलतो, याचं उदगिरात कुणाला नवल वाटत नाही. अप्पा एखाद्या दुकानाचा उंबरा ओलांडून आत गेले तर मात्र त्या मालकाची झोप उडेल.

माझं झेरॉक्सचं दुकान तहसीलच्या रस्त्याला आहे. सकाळी मी शटर वर करतो त्याच सुमाराला अप्पा समोरून जातात. पांढरं धोतर, कपाळावर भस्माचे पट्टे, पायात टायरच्या चपला. रस्त्यातूनच विचारतात, "मालक, चालू हाय नव्हं?"

"चालू आहे, अप्पा."

"मग ठिवा चालू."

एवढं बोलून पुढच्या दुकानासमोर. मोठा डॉक्टर वॉर्डातून चक्कर मारतो तसे ते सगळ्या रस्त्याची नाडी बघत मोंढ्यापर्यंत, धान्याच्या बाजारापर्यंत जातात. कुणाचं शटर उशिरापर्यंत खाली दिसलं की तिथंच थांबून राहतात. मालक आला, कुलूप निघालं, की मग पाय उचलतात.

मी पायगुण वगैरे मानत नाही. शिकलेला माणूस आहे. पण दुकान माझं आहे, आणि अप्पा आपणहून बाहेर थांबत असतील तर त्यांना आत बोलावण्याचा आग्रह मी कशाला करू?

गोष्ट अशी आहे की अप्पांनी आयुष्यात जिथं जिथं काम केलं ते ते बंद पडलं. पोरसवदा असताना जिनिंगमध्ये लागले. कापसाच्या गाड्यांची रांग गावाबाहेरपर्यंत लागायची म्हणे. मग लोक सोयाबीन पेरायला लागले आणि एका हंगामात गाड्या आल्याच नाहीत. तिथून अप्पा तेलाच्या मिलमध्ये गेले. करडईचे काटे सोसून ती काढायला मजूर मिळेना, घराघरात पाकिटातलं तेल आलं, मिल बसली. मग टॉकीजच्या दारात तिकिटं फाडली. पिक्चर लोकांच्या खिशात येऊन बसला, टॉकीज गेली. शेवटी डाळ मिल. तिथं दाणे निवडायला बायांची मोठी रांग बसायची. एक दिवस यंत्र आलं. त्या यंत्राला डोळे आहेत. एकेक दाणा बघतं आणि काळा दिसला की फुंकर मारून बाजूला काढतं. आधी बाया घरी गेल्या. मग मोठ्या मिलांपुढे ही छोटी मिल टिकेना, ती विकली गेली. आता तिथं मंगल कार्यालय आहे.

पायगुणाचं खूळ निघालं ते तेलाच्या मिलपासून. शेवटच्या दिवशी फाटकाला कुलूप घालताना मिलचा मालक हसत म्हणाला होता, "मन्मथ, लेका, जिनिंग बुडवून माझ्याकडं आलास. आता कुणाकडं चाललास ते सांग, म्हंजी त्याला सावध करतो." सगळे हसले, अप्पाही हसले. बाकीचे हसून विसरले. अप्पांनी मात्र ते वाक्य पदरात बांधून घरी आणलं, आणि पुढं टॉकीज गेली तेव्हा त्यांची खात्रीच पटली.

मी एकदा त्यांना समजावायला गेलो. म्हटलं, अप्पा, सोयाबीन तुम्ही आणलं का? मोबाइल तुम्ही काढला का? प्रत्येक गोष्टीला कारण असतं.

"असतंय की," अप्पा म्हणाले. "कारण असतंयच. पर त्या कारनाला कुनीतरी घेऊन येतंय का न्हाई?"



गावानं या गोष्टीची मजा भरपूर केली. आमच्याकडचा एक कापडवाला भलताच बेरकी. त्याच्या समोर काचेचं, एसीचं मोठं दुकान उघडलं तेव्हा त्यानं अप्पांना हात जोडून विनवलं, "अप्पा, कायी घेऊ नका, नुसतं एक डाव आत जाऊन गार हवा खाऊन या." अप्पा इतके घाबरले की महिनाभर त्या रस्त्याला फिरकले नाहीत. "चाळीस लेकरं कामाला हाईत तिथं," मला म्हणाले, "त्येंच्या माय-बापानी माझं काय घोडं मारलंय?"

एका ठिकाणी मात्र ते बिनघोर आत जातात. तहसील कचेरीत. काही काम नसताना दुपारभर तिथल्या बाकावर पंख्याखाली पाय पसरून बसतात. "हितं भ्याव न्हाई," म्हणतात. "सरकार कुठं बंद पडतंय? कारकून बी निवांत, मी बी निवांत."

हसतो आम्ही. पण खरं सांगतो, हसण्यातली हवा अलीकडं गेली आहे. पूर्वी पाहुणा भेटला की "काय करता?" विचारायचे. आता विचारतात, "अजून तेच का?" मुखेडचा माझा मेहुणा जीप चालवायचा, आता शेताशेतात सोलारच्या पट्ट्या बसवत फिरतो आणि हेही किती दिवस म्हणून विचारतो. माझ्याकडे शाळा-कॉलेजच्या दाखल्यांसाठी जूनमध्ये रांग लागायची. आता सगळे मोबाइलवर कागद काढतात आणि मशीनवर मी दुपारी फडकं मारत बसतो. कधी कधी सकाळी अप्पांनी "चालू हाय नव्हं?" विचारलं की मी वळून आधी मशीनकडे बघतो. या माणसाला काही कळलंय की काय, असं वाटतं. कळलेलं कुणालाच नाही, आणि खरी भीती त्याचीच आहे.

अप्पांना एकच लेक, महानंदा. जावई लातुरात छापखान्यात होता. छापखाना गेल्यावर महानंदानं हातपाय हलवले आणि क्लासेसच्या भागात खानावळ काढली. डॉक्टर-इंजिनियर व्हायला गावोगावची पोरं लातुरात येतात, त्यांना डबे आणि दोन वेळचं ताट. बाईच्या हाताला चव होती. पोरं तिला अक्का म्हणायची, परीक्षेला जाताना पाया पडून जायची. जावई भाजी आणून चिरून द्यायचा.

अप्पा त्या खानावळीत एकदाही गेले नाहीत. खानावळ उघडतानाच्या पूजेला सगळी गल्ली जीप करून गेली. अप्पांनी गुडघ्याचं निमित्त काढलं. दर पंधरवड्याला ते ओळखीच्या कंडक्टरजवळ तुरीच्या डाळीची पिशवी देत, पण स्वतः त्या एसटीत कधी चढले नाहीत. माझ्या दुकानासमोर उभं राहून मला फोन लावायला सांगत. "पोरं जेवायलीत का, तेवढं इचारा. मी इचारलो म्हनून सांगू नका."

दिवाळीला महानंदा आली तेव्हा माझ्यापाशी रडली. "दादा, मी लोकाच्या पोरांची खरकटी काढते, त्याची अप्पाला लाज वाटतीय. दुसरं काय?"

मी त्या संध्याकाळी अप्पांना म्हटलं, खरं काय ते तिला सांगून टाका. अप्पांनी माझ्या तोंडावर हातच ठेवला. "चुप बसा! तोंडातून निघालं की लागू होतंय ते. वाटू दे तिला लाज वाटतीय म्हनून. खानावळ तर चाललीय न्हवं?"

या वर्षी ती चालेनाशी झाली. क्लासवाल्यांनी दुसऱ्या गावांत शाखा काढल्या, काही पोरं घरी बसून मोबाइलवरच शिकायला लागली. खोल्यांवर भाड्यानं देणे असल्याच्या पाट्या लागल्या. महानंदाची पंगत आधी अर्धी झाली, मग एका ओळीवर आली. अप्पा फोन मागत आणि मी "जेवतायत, जेवतायत" सांगत असे. एका दुपारी तिचाच फोन आला. "दादा, या महिन्याअखेर बंद करतोय. अप्पाला तुम्ही सांगा. मला जमंना."

अप्पा तहसीलच्या बाकावर होते. मी शेजारी बसून सांगितलं. त्यांनी पसरलेले पाय आखडून घेतले.

"मी गेलो न्हवतो," ते म्हणाले.

"नाही गेलात."

"दार बी बघितलं न्हाई मी तिचं."

मला वाटलं, आता यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. इतक्या वर्षांचा डाग धुऊन निघाला. मी उत्साहानं म्हणालोसुद्धा, "बघा अप्पा, तुमचा काही संबंध नव्हता! कधीच नव्हता!"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. एवढं भ्यालेलं तोंड मी आजवर पाहिलं नाही.

"मालक, माझ्या पायगुनानं बंद पडत व्हतं तवर बरं व्हतं हो. मी न्हाई गेलो की काम भागत व्हतं. आता काय करू मी? लेकीला कशापासून सांभाळू?"

 त्या कचेरीतल्या पंख्याखाली मलाही घाम फुटला होता.

लातूरला जायचं ठरलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते एसटी स्टँडवर माझ्याआधी हजर.  लातुरात महानंदाच्या दारासमोर आलो तर आत मोठी पातेली पालथी घातलेली, सतरंज्या गुंडाळलेल्या. सवयीनं अप्पांचे पाय रस्त्यावरच थांबले. मी हात धरला. त्यांनी तो सोडवला, चपला काढल्या आणि उंबरा ओलांडून आत गेले.

महानंदा पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. बापाला आत उभं बघून तिचा चेहरा आधी उजळला, मग आखडला.

"आता आलाव अप्पा? समदं आवरल्यावर?"

अप्पांनी तिला सांगितलं. जिनिंगपासून सगळं. खाली मान घालून, गुन्हा कबूल करावा तसं. ती ऐकत राहिली. तिला हसू आलं आणि हसताहसताच ती रडायला लागली.

"यडे हाव का तुम्ही? आला असताव तर निदान जेवला तरी असताव की माझ्या हातचं."

आणि ती उठली. गॅसची मोठी शेगडी तेवढी अजून जोडलेली होती, तिच्यावरच तिनं आमटी टाकली, भाकरी थापल्या. दोघा-चौघांपुरतं करायची सवय मोडलेली, त्यामुळं भाकऱ्यांची चळत उभी राहिली. अप्पा सतरंजी उलगडून, पोरं जिथं ओळीनं बसायची तिथं एकटेच बसले आणि एकामागून एक भाकरी कुस्करून खात राहिले. वर "वाढ आजून" म्हणत होते.

मधेच घास थांबवून म्हणाले, "उदगीरला चला, तू आन् जावई, दोघं बी. तहसीलसमोर खानावळ काढू. कागद काढायला खेड्यावरून मानसं येतेत, उपाशी बसतेत बिचारी. कांदा मी चिरतो."

"आन् ती बी बंद पडली तर?"

अप्पांनी ताटाकडे पाहिलं. भीती त्यांच्या तोंडावरून गेली नव्हती, गेली असं मी म्हणणार नाही.

"पडली तर पडली," ते म्हणाले. "या टायमाला मी आत असंन, तुझ्यापाशी."

 महानंदानं त्यांच्या ताटात आमटी वाढली.